काळजाचा अकरा महिन्यांचा करार

इरा आणि निषाद,

तुम्ही दोघांनी वर्गणी काढून पाठवलेली वाढदिवसाची भेट मिळाली. सुबक डबी, आत प्लॅस्टिकची नळी, नळीवर एक रेघ आणि सोबत सूचना, की वापरणाऱ्याने या रेघेपर्यंत थुंकावे. मग ती थुंकी समुद्रापार जाणार आणि आपण मूळचे कुठले हे आपल्याला मोबाइलवर कळणार. मी पुण्याच्या इंग्रजी शाळेत नन्सच्या हाताखाली शिकले. तिथे थुंकणाऱ्या मुलीला अंगठे धरून उभं करायचे. त्याच कृतीसाठी कोणी इतकं देखणं खोकं बनवेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

मी थुंकले नाही. रागावू नका. थुंकी माझी असली तरी तिच्यात तुम्ही दोघं आहात, तुमची आई आहे, मामा आहे आणि मामाला पुढेमागे मुलं झालीच तर तीही आहेत. एवढ्या माणसांना कोणी विचारायचं, हे त्या सूचनांमध्ये नव्हतं. रेघ मात्र ठळक होती.

फोनवर निषाद म्हणाला, "आजी, तू फार संशयी आहेस." आहे. पण हा संशय वयामुळे आलेला नाही, तो नोकरीत लागला. दिवाळी अंकाच्या संपादकांनी "तुमच्या कामाबद्दल काहीतरी लिहा" असं याच आठवड्यात सांगितलं, तेव्हा ठरवलं की तुम्हालाच उद्देशून लिहावं. तुमची आई वाचून दाखवेल. तिला मधलं काही गाळू देऊ नका. ती नेमकं महत्त्वाचं गाळते.

पौड रस्त्यावरच्या एका धर्मादाय हॉस्पिटलात मी नोंदी विभागाची प्रमुख होते. विभाग म्हणजे तळमजल्यावरची एक लांब खोली, लोखंडी मांडण्या, मी आणि मुळशीतल्या एका वाडीवरून रोज येणारी माझी मदतनीस मंदा. मी कायद्याची पदवी घेतली होती आणि वकिली एक दिवसही केली नव्हती, त्यामुळे हॉस्पिटलने मला स्वस्तातला वकील समजून ठेवून घेतलं. संशोधनाला परवानगी द्यायची की नाही हे ठरवणारी एक नैतिकता समिती प्रत्येक अशा हॉस्पिटलात असते. आमच्या समितीत एक वकील, एक शिक्षिका आणि काही डॉक्टर होते. तिची चिटणीसही मीच. चिटणीस म्हणजे जिच्या सहीशिवाय कागद पुढे सरकत नाही आणि जिला चहाशिवाय काही मिळत नाही अशी व्यक्ती.

बाहेरच्यांना वाटतं, हॉस्पिटलात सगळ्यात मौल्यवान काय तर यंत्रं, नाहीतर औषधं. साफ चूक. सगळ्यात जास्त मागणी केसपेपरला असते. पोलीस मागतात, विम्याचा माणूस मागतो, घटस्फोटाचे वकील तर दोन्ही बाजूंचे मागतात. नियम सोपा आहे: कागद हॉस्पिटलचा, पण कागदावरचं दुखणं पेशंटचं. कागद मी सांभाळायचा आणि दुखणं कोणाला सांगायचं हे पेशंटने ठरवायचं. हा नियम पोलिसांना एकदा सांगितला की समजतो. सासवांना समजत नाही.

एक बाई पेढ्यांचा पुडा घेऊन आल्या होत्या.

"बाई, आमच्या पोराला हितली पोरगी बगितलीया. तिचा तेवढा केसपेपर दावा की."

"कशाला?"

"काय न्हाई, सहज. फोटू बगितला, पत्रिका बगितली, आता केसपेपर."

"तुमच्या मुलाचा पेपर तिच्या आईला दाखवू का?"

"त्याला काय झालंय? घोड्यावानी हाय पोरगं."

"मग त्याचा पेपर जनावरांच्या दवाखान्यात असेल. इथे फक्त माणसांचे असतात."

बाई तरातरा निघून गेल्या. पेढे मंदाने ठेवून घेतले. पेढ्यांबद्दल कायद्यात काही नाही.

असे सगळे मागणारे परवडले, कारण त्यांना एका वेळी एकच कागद हवा असायचा. मग हिंजवडीकडून अनिकेत आला. त्याला सगळेच हवे होते.

अनिकेत सभ्य मुलगा होता. त्याची छोटी कंपनी मोबाइलला जोडायचं एक यंत्र बनवत होती. ईसीजी तुम्हाला माहीत आहे. त्यात हृदयाच्या प्रत्येक ठोक्याची एक टेकडी उमटते आणि तिच्यामागे एक शेपटी. काही माणसांची शेपटी जरा जास्त लांब असते. म्हणजे एका ठोक्यानंतर हृदयाला पुन्हा सज्ज व्हायला जास्त वेळ लागतो. असा माणूस दिसायला ठणठणीत असतो, पण धावताना, पोहताना किंवा दचकल्यावर एखाद्या वेळी कोसळतो आणि उठत नाही. हे रक्तातून चालत येतं. घाईत असलेल्या डॉक्टरच्या नजरेतून ही शेपटी निसटते, आणि आमच्याकडे घाईत नसलेला डॉक्टर नव्हताच. अनिकेतचं यंत्र ती आपोआप हेरणार होतं. त्यासाठी यंत्राला शिकवायला आधी खूप ईसीजी दाखवावे लागणार होते. आमच्या हॉस्पिटलाने गावोगाव शिबिरं घेऊन काढलेले ईसीजी, सोबत घरात कोण कसं गेलं याची माहिती, असा खजिना त्याला दुसरीकडे मिळणार नव्हता.

"मॅडम, नाव, पत्ता, फोन, सगळं काढून टाकणार," तो म्हणाला. "कोण कोणाचं ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही."

मी मांडणीवरचा एक पेपर काढला आणि नाव गाळून वाचला. "पुरुष. साठीच्या पुढचा. डाव्या हाताला सहा बोटं. व्यवसाय, बँडमध्ये क्लॅरिनेट."

मांडणीच्या पलीकडून मंदा म्हणाली, "गेनूमामा. का वो, काय झालं मामाला?"

"मामाला काही झालं नाही," मी अनिकेतला म्हटलं. "ब्रह्मदेवाचं मात्र अवघड आहे."

शहरात माणसाचं नाव काढलं की तो गर्दीत हरवतो. चाळीस घरांच्या वाडीत नाव ही माणसाची सगळ्यात बिनकामाची खूण असते, ते कोणी वापरतच नाही. तेव्हा गाव गाळायचं, वय ढोबळ करायचं, सहावं बोट गाळायचं आणि प्रत्येकाला क्रमांक द्यायचा. कुठला क्रमांक कोणाचा हे फक्त माझ्याकडे राहणार. अनिकेतने सगळं मान्य केलं. मग मी म्हटलं, "आता लोकांना विचारू."

"पण ईसीजी काढताना सह्या घेतल्यात ना?"

"उपचारासाठी. यंत्राच्या शिकवणीसाठी नाही. शेजारणीने चटणीला दिलेला नारळ देवळात फोडून पुण्य घ्यायचं नसतं."

आमच्या हॉस्पिटलचे प्रमुख, ज्यांना सगळे मोठे डॉक्टर म्हणत, कळवळले. ते यंत्र हॉस्पिटलला भेट मिळणार होतं. "अहो, लोकांच्या भल्याचंच काम आहे. किती दिवस विचारत बसणार?" त्यांनीच परस्पर मंदाच्या वाडीच्या सरपंचांना फोन केला. सरपंच आप्पा कामाचा माणूस. त्यांनी ग्रामसभा घेतली आणि सही-शिक्क्याचा ठराव स्वतः आणून माझ्या टेबलावर ठेवला: 'समस्त ग्रामस्थ आपापली हृदये सदर कंपनीस अभ्यासासाठी देण्यास सर्वानुमते मंजुरी देत आहेत.' खाली सूचक आणि अनुमोदक.

"आप्पा, ठराव रस्त्याला चालतो, काळजाला चालत नाही. एकेकाला वेगळं विचारावं लागेल."

"एकेकाला? बाई, एकेकाला इचारत बसलो असतो तर गावचा रस्ता झाला नसता."

"झालाय कुठे?"

आप्पा हसले आणि ठराव घडी करून खिशात घातला. "या मग गावात. पर सांगून ठिवतो, सही म्हनलं की मानसं पळत्यात."

हे मात्र त्यांनी खरं सांगितलं होतं. मुळशीत सही म्हणजे जमीन. फक्त इथे सही करा असं कोणी गोड बोलून सांगितलं आणि पुढे बांध सरकले, अशी आठवण नसलेलं घर शोधावं लागेल. कंपनीची वकील तन्वी माझ्यासोबत वाडीवर आली. कोथरूडची हुशार मुलगी, पायात पांढरे बूट. देवळाच्या सभामंडपात तिने छान समजावून सांगितलं. सगळे ऐकत होते. शेवटी मागून एक म्हातारा म्हणाला, "सात-बाऱ्याला काय लागनार हाय का?"

"नाही काका, जमिनीचा काही संबंध नाही. फक्त डेटा."

"त्या टायमाला बी असंच म्हनले हुते. फकस्त सही."

तन्वीने माझ्याकडे पाहिलं. मी देवाकडे पाहिलं. तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या सुमनताई उठल्या. सुमनताई विधवा, एक मुलगी पदरात. हिंजवडीजवळ नेऱ्याला माहेरची थोडी जागा मिळाली होती, तिच्यावर त्यांनी खोल्या काढल्या होत्या आणि त्या आयटीतल्या पोरांना भाड्याने दिल्या होत्या. भाडेकरूंशी भांडून भांडून त्यांची जीभ धारदार झाली होती.

"ओ वकीलबाई, इकायचं न्हाई. भाड्यानं घ्या."

"म्हणजे?"

"म्हंजी आमी खोल्या देतो तसं. अकरा महिन्याचं अॅग्रिमेंट. अकरा महिनं झालं की दारात यून पुन्हा इचारायचं. न्हाई म्हनलं की खोली खाली. पोटभाडेकरू ठिवायचा न्हाई, दुसऱ्याला किल्ली द्यायची न्हाई. आन एक. आत काय मोडलेलं दिसलं तर मालकाला सांगायचं. मागच्या टायमाला त्या पोरांनी छताच्या वाशाला वाळवी बगितली आन गप ऱ्हायली. मला कवा कळलं? वासा खाली आल्यावं."

सभामंडप हसला, आणि हसता हसता तयार झाला. भाडेकरार त्यांना समजत होता. तो मोडला तर काय करायचं तेही समजत होतं.

कायद्याच्या शाळेत मी जे कलमांच्या भाषेत शिकले ते सगळं त्यात होतं: संमती मुदतीची हवी, मागे घेता आली पाहिजे, माहिती तिसऱ्याच्या हातात जाता कामा नये. तन्वीने भराभर लिहून घेतलं. पण हॉस्पिटलात परतल्यावर ती म्हणाली, "मॅडम, अकरा महिने चालतील. पोटभाडेकरू नाही, तेही चालेल. वाळवी मात्र नको."

"का?"

"सांगायची जबाबदारी घेतली की बघायची जबाबदारी येते. आमचं यंत्र अजून शिकतंय. उद्या एखाद्याचं त्याला दिसलं नाही आणि तो माणूस गेला, तर घरचे म्हणणार, तुम्ही सांगायला बांधील होतात. कंपनी एका खटल्यात संपेल. आणि शिकाऊ यंत्राने निदान करायचं नाही, हे तुमचीच समिती सांगते."

तिचं बरोबर होतं. मुलांनो, या धंद्यात खलनायक फार कमी भेटतात, बहुतेक वेळा समोरच्याचंही बरोबर असतं. पण सुमनताईंचंही बरोबर होतं. मोठे डॉक्टर वैतागून म्हणाले, "एका वाक्यासाठी सगळं अडवणार का तुम्ही?" मी म्हटलं, "सर, वाक्य राहील तर सही होईल." शेवटी तन्वी आणि मी चहाच्या किटल्या रिकाम्या करत तोडगा काढला. कंपनीवर शोधायची सक्ती नाही, पण दिसलं तर गप्प बसायचं नाही. फक्त क्रमांक हॉस्पिटलला कळवायचा. माणूस ओळखणं आणि पुन्हा तपासणं हॉस्पिटलचं काम. आणि सांगायचं ते फक्त त्या माणसालाच. समितीतल्या वकिलांनी हसत हसत सुमनताईंचे शब्द जवळजवळ तसेच ठेवले: 'आत काही मोडके दिसल्यास मालकास कळवणे बंधनकारक राहील.'

घरोघर जाऊन सह्या घेतल्या. काहींनी दिल्या नाहीत. त्यांचे ईसीजी मांडणीवरच राहिले आणि जग बुडालं नाही.

काही महिन्यांनी कंपनीची मेल आली. एक क्रमांक, आणि खाली आमच्याच गाळलेल्या माहितीतून उरलेलं एवढंच: स्त्री, विशीतली, वडील तरुणपणी पोहताना गेले. मी ते मोठ्याने वाचलं ही माझी चूक नाही, मंदा खांद्यावरून वाचतच होती.

"बया! ही तर सुमनताईची दीपी."

क्रमांकाचं कपाट मी नंतर उघडलं, केवळ रीत म्हणून.

दीपालीचे वडील वाडीतले पट्टीचे पोहणारे होते. एके दुपारी विहिरीत सूर मारला आणि वर आले नाहीत. त्यांच्या आधी त्यांचे एक चुलते असेच गेले होते. गावात कारण ठरलेलं होतं: पाण्यातल्या आसरांनी ओढून नेलं. भावकीने कोंबडी दिली, नारळ दिला आणि मुलांना पाण्यात उतरायची बंदी केली. यातली बंदी वैद्यकीयदृष्ट्या उत्तम होती.

दीपालीने शिबिरात ईसीजी काढला तो आईला सोबत म्हणून. त्यावर 'नॉर्मल' असा शेरा होता, मोठ्या डॉक्टरांच्या अक्षरात. त्यांनी कागद खिडकीपाशी नेला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "लांब आहे. माझ्या हातून सुटलं." त्या दिवसापासून मी त्यांना मनातल्या मनातही नावं ठेवायची सोडली. म्हणजे बरीचशी.

आता अडचण अशी. दीपालीचं लग्न ठरलेलं होतं. साखरपुडा झाला होता, हॉल ठरला होता. तिला सांगितलं नाही, तर एखादं साधं अँटिबायोटिक किंवा लग्नातला डीजेसुद्धा तिच्या जिवावर बेतू शकत होता. सांगितलं आणि ते बाहेर फुटलं, तर लग्न मोडणार. आणि करार सांगत होता, फक्त तिलाच सांगा.

चाळीस घरांच्या वाडीतल्या लग्न ठरलेल्या मुलीला एकटीला हॉस्पिटलात कसं बोलवायचं? मंदा म्हणाली, "सांगावा धाडला तर भावकी यील." म्हणून मी दीपालीला तिच्या ऑफिसात फोन केला. "पुन्हा एक तपासणी करायची आहे, एकटी ये." तिने आईला विचारलं, आईने जावेला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी जीपभर माणसं उतरली. सगळ्यात पुढे तिचे चुलते तात्या.

"बोला बाई. काय हाय पोरीला?"

"ते मी तिलाच सांगणार."

"म्हंजी? मी चुलता हाय तिचा. माझा भाऊ गेल्यापास्नं मीच बगतोय हिला."

"तात्या, ती सज्ञान आहे."

"सज्ञान असंल ती हापिसात. हितं मी हाय."

"तुमचाही पेपर याच खोलीत आहे. मागच्या खेपेला कशासाठी आला होतात, ते सगळ्यांसमोर वाचू का?"

जीपवाला दारातून ओरडला, "वाचा, बाई, वाचा!"

तात्या लाल झाले आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. त्यांच्यामागून बाकीचे गेले. सुमनताई जागच्या हलल्या नाहीत. "मी आय हाय," एवढंच म्हणाल्या. या बाईच्या वाक्यामुळे आम्ही इथवर आलो होतो आणि तिलाच मला दाराबाहेर काढायचं होतं. "ती म्हणाली की लगेच बोलावते, ताई." त्या गेल्या. दार मी स्वतः लावलं. नोकरीत इतकं जड दार मी दुसरं लावलेलं नाही.

मोठ्या डॉक्टरांनी दीपालीचा ईसीजी पुन्हा काढला, शेपटी तशीच लांब निघाली, मग तिला कागदावर टेकडी आणि शेपटी काढून दाखवली. रोज गोळी घ्यायची, काही औषधं कायमची वर्ज्य, पोहायचं नाही, अचानक दचकायचं नाही.

"दचकायचं नाही?" दीपाली म्हणाली. "सर, मी लग्न करतेय."

आम्ही हसलो. मग तिचा चेहरा बदलला. "मॅडम, मी ऑफिसमध्ये हेच काम करते. परदेशातल्या लोकांचे विम्याचे क्लेम बघते. आजार आधीपासूनचा दिसला की लाल खूण करते. लाल खूण झाल्यावर पुढं काय होतं मला माहितीये."

"इथे लाल खूण होणार नाही. तू कोणालाही सांगायला बांधलेली नाहीस आणि आम्ही सांगणार नाही."

"आईलाही?"

"तू म्हणशील तरच."

"आणि प्रतीकला?"

प्रतीक तात्यांचा मुलगा. पोलीस भरतीची तयारी करत होता. रोज सकाळी डोंगराच्या रस्त्याने जीव तोडून पळायचा. मोठ्या डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ईसीजी दीपालीचा होता, पण शेपटी भावकीची होती. तिच्या परवानगीशिवाय आम्ही प्रतीकला कशासाठी बोलावतोय हे सांगू शकत नव्हतो. डॉक्टर म्हणाले, "आपण सगळ्या वाडीचं नवं शिबिर लावू. तुझं नाव कुठेच येणार नाही."

दीपाली म्हणाली, "सर, बाहेरची जीप बघितली का? मला काहीतरी झालंय हे वाडीला कळलंच असेल. शिबिर लावलंत की काय झालंय तेही कळेल. आणि शिबिर लागेपर्यंत प्रतीक पळत राहणार."

ती खिडकीकडे बघत बसली. बोलायचा हक्क आमचा नव्हता. मग ती उठली, तिने दार उघडलं आणि म्हणाली, "आई, काका, समदी आत या."

कागदावरची शेपटी तिने स्वतः सगळ्यांना दाखवली. ऑफिसातली भाषा गेली आणि घरची आली. "काका, आसरांनी न्हाई नेलं अण्णांला. आपल्या रक्तातच हाय हे. माज्यात हाय. प्रतीकमदी हाय का बगाय पायजे. आजपास्नं त्याचं पळनं बंद."

तात्या खुर्चीत बसले. त्यांनी तो कागद जवळ ओढला. "म्हंजी माज्या दादाला वाचवता आलं असतं?"

"तेव्हा कोणालाच कळलं नसतं," मोठे डॉक्टर म्हणाले. ते खरं होतं का, मला माहीत नाही. पण त्या खोलीत तेच म्हणायला हवं होतं.

सुमनताई मुलीचा हात धरून उभ्या होत्या. तात्यांनी डोळे पुसले आणि सगळ्यांवर नजर फिरवून बजावलं, "ही गोष्ट ह्या खोलीभायेर जानार न्हाई. लग्न होऊस्तर कुणी त्वांड उघडायचं न्हाई." सगळ्यांनी माना डोलावल्या. जीपवाल्यानेही डोलावली. तो आत कधी आला होता कोण जाणे.

पण दीपालीने जीपवाल्यावर पाळी येऊ दिली नाही. संध्याकाळी तिनेच नवऱ्या मुलाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, विचार करतो. विचार त्याच्या आईने केला. पोरगी लई गुणाची हाय, पर आमच्या घरात एकच पोरगा हाय, असा निरोप आला. एका मुलाच्या घरी लांब शेपटीची सून का चालत नाही, हे मला कोणत्याही शास्त्रात सापडलेलं नाही. हॉल रद्द झाला. प्रतीकच्या ईसीजीची शेपटीही लांब निघाली, दीपालीपेक्षाही. भावकीतल्या आणखी काहींची निघाली. सगळ्यांना गोळ्या सुरू झाल्या.

यात मला टोचतं ते हे. कायद्याने दीपालीला गप्प राहण्याचा हक्क दिला होता. आम्ही तो हक्क दार लावून राखलाही. पण ज्याला चुलत भाऊ आहे त्याला तो वापरता येत नाही, आणि वाडीत चुलत भाऊ सगळ्यांनाच असतात. किंमत तिने एकटीने दिली. त्यावर कलम कसं लिहायचं, हे मला आजही सुचलेलं नाही.

पुढे अनिकेतची कंपनी परदेशातल्या एका मोठ्या कंपनीने विकत घेतली. तन्वीचा फोन आला.

"मॅडम, नव्या मालकांना सगळा डेटा हवाय."

"पोटभाडेकरू चालत नाही."

"मी तेच सांगितलं. ते म्हणाले, हा कुठला कायदा?"

"मग?"

"म्हटलं, नेऱ्याच्या घरमालकिणीचा."

अकरा महिने तसेही भरत आले होते. तन्वी पुन्हा वाडीवर आली, या वेळी चपला घालून, आणि दारोदार विचारून आली. सुमनताई म्हणाल्या, "त्यांनी वाळवी दावली. घ्या आजून अकरा महिनं." दीपाली म्हणाली, "माझा नको." आईचा ठेवला, मुलीचा पुसला. पुसल्याचं पत्र आलं, ते मी वाचलं आणि लावून ठेवलं. खरोखर पुसला का, हे बघायला समुद्रापार कोण जाणार?

आणि समजा पुसला. पण दीपालीची शेपटी पाहून ते यंत्र शहाणं झालं ते झालंच. भाडेकरू खोली सोडून गेला तरी त्या खोलीत बसून पास केलेली परीक्षा त्याचीच राहते. त्या शहाणपणावर घरमालकाचा काही हक्क आहे का, हा प्रश्न मी समितीत विचारला होता. वकील म्हणाले, उत्तर अजून कोणाकडेच नाही. इरा, तू कायदा शिकायचं म्हणते आहेस. हे घे, तुझ्यासाठी ठेवलंय.

मी निवृत्त झाले. मोठे डॉक्टरही झाले. केसपेपर आता संगणकात असतात आणि माझ्या खोलीत सलाइनची खोकी रचली आहेत. नव्या मालकांनी यंत्राला नवं नाव दिलं, पण आमच्याकडे ते भेट म्हणून कधी आलंच नाही. प्रतीक हिंजवडीला वडापावची गाडी चालवतो. त्याची भरती मी घालवली असं त्याला वाटतं आणि अजून तो माझ्याशी नीट बोलत नाही, वडापावचे पैसेही पूर्ण घेतो. दीपाली त्याच नोकरीत आहे, लाल खुणा करणाऱ्यांच्या वर साहेब झाली आहे आणि गोळी चुकवत नाही. सुमनताईंचं वाक्य हॉस्पिटलच्या प्रत्येक करारात अजून आहे, मराठीतच. त्या भावकीत ज्यांच्या ज्यांच्या ईसीजीची शेपटी लांब निघाली, ते सगळे आज जिवंत आहेत.